खडकाची परवानगी

सुरुंगाची वात पेटवण्याआधी रेवणअप्पा विहिरीच्या तळाशी उकिडवे बसत, खडकावर तळहात ठेवत आणि म्हणत, "अल्लाहो अब्हा. जरा जागा द्या, पाण्याला यायचंय." वर काठापासून लांब, बाभळीच्या आड कान दाबायच्या तयारीत बसलेले आम्ही लोक वाट बघत असू. अप्पांची विचारपूस लवकर संपत नसे. कालच्या बारानं लई लागलं का, उन्हाचा त्रास न्हाय न्हवं, असं सगळं विचारून झालं की ते थोडा वेळ गप्प बसत. ही खडकाला विचार करायला दिलेली मुदत. खडक काही बोलला नाही की अप्पा म्हणत, "आयतु." कानडीत आयतु म्हणजे झालं, ठरलं. मग वात पेटे आणि साठीच्या घरातला हा माणूस दोराला धरून सरसर वर येई.

"अप्पा, एखाद्या दिवशी खडक नको म्हणाला तर?" मी एकदा विचारलं.

"तर दुसऱ्या अंगानं खनायचं. जागा त्याची हाय, सेक्रेटरी. आपून पाव्हणं."

मी तेव्हा गावच्या सहकारी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. वय तिशीच्या आत, अंगावर इस्त्रीचा सदरा, डोक्यात चार पुस्तकं. तामलवाडीच्या फाट्यापासून आमचं गाव तासाभराच्या वाटेवर. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती, पण गावाचा घसा कोरडाच होता. सोसायटीनं सभासदांसाठी सामाईक विहीर काढायला घेतली आणि बार भरायला अप्पांना बोलावलं. त्यांच्याइतका भरवशाचा माणूस पंचक्रोशीत नव्हता. तेरखेड्याच्या फटाक्यांचं कुणी कौतुक केलं की ते नाक मुरडत. "आवाजाची दारू ती. पानी काढती का?"

हा शिवभक्त घरात जन्मलेला, गळ्यात लिंग बांधलेला, कानडी सीमेकडच्या गावातून आलेला माणूस अल्लाहो अब्हा कसा म्हणायला लागला, ते सांगायला हवं. त्यात मीही आहे, म्हणून जरा अवघड जातं.

सोलापूरहून शीरीनबाई नावाच्या एक शिक्षिका येत. माहेर इराणचं. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, हातात छत्री, आणि मराठी इतकं शुद्ध की आमच्या गावात अर्ध्या लोकांना ते कळत नसे. त्या बहाई होत्या. शाळेच्या ओसरीवर बसून त्यांनी सांगितलं, ईश्वर एक आहे, सगळे धर्म त्याच्याकडूनच वेळोवेळी आलेले आहेत आणि सगळी माणसं एकाच झाडाची पानं आहेत. झाड हा शब्द ऐकताच अप्पा पुढे सरकले. बाईंचं बोलणं पुरं व्हायच्या आत त्यांनी बहाई होण्याच्या कागदावर उठवायला अंगठा पुढे केला.

"अजून सांगायचं आहे, अप्पा," बाई म्हणाल्या.

"सांगा की. अंगठा दिऊन ऐकतो. म्या बारीक होतो तवापासनं हेच म्हंतोय, पर माजं कोन ऐकत न्हवतं."

मी सही केली ती आठ दिवस विचार करून. तशा नऊ सह्या झाल्या. वर्षभरात पाच जण गळाले. उरलो अप्पा, मी, आणि एक शिंपी व त्याची बायको. दर एकोणीस दिवसांनी आमची बैठक माझ्या घरी भरे. आधी प्रार्थना, मग एकमेकांत विचारविनिमय, मग चहा. बहाईंनी एकमेकांना भेटल्यावर अल्लाहो अब्हा म्हणायचं, म्हणजे ईश्वर सर्वांहून तेजस्वी आहे, हे बाईंनी शिकवलं होतं.

आम्ही तिघांनी ते बैठकीपुरतं ठेवलं. अप्पांनी ते गावभर वाटलं. म्हशीला, लिंबाला, वारुळाला, नव्या डिझेल इंजिनाला सुद्धा. इंजिनाबद्दल शिंप्यानं हरकत घेतली तेव्हा अप्पा म्हणाले, "लोखंड कुठनं आलं? भुईतनंच न्हवं?" विचारविनिमयाची वेळ झाली की आम्ही साक्षरतेचा वर्ग, मुलींची शाळा असले विषय काढायचो. अप्पा हात वर करून सांगत, "पांदीतल्या बाभळीला वाळवी लागलीय. तिच्याबद्दल काय ठरलं?" मार्चमधल्या एकोणीस दिवसांच्या उपवासात ते सूर्य बुडेपर्यंत थेंबभर पाणी घेत नसत. बैलाला मात्र दुपारी भरपूर पाजत. "त्यानं कुठं अंगठा दिलाय," म्हणत. दुपारची प्रार्थना पश्चिमेकडे, पवित्र स्थळाकडे तोंड करून करायची असते. अप्पा विहिरीच्या तळाशी असले तर वर ओरडून विचारत, "सेक्रेटरी, पश्चिम कंच्या अंगाला?" आणि मी इकडे तिकडे बघून हळूच हात दाखवी.

हे इकडे तिकडे बघणं माझ्या स्वभावातच होतं. चेअरमननं एकदा भर मीटिंगमध्ये विचारलं होतं, "काय सेक्रेटरी, तुमी धरम बदलला म्हनं? भैनीचं जमवायचंय न्हवं अजून?" सगळे हसले. मीही हसलो. म्हटलं, "छे हो, नुसती व्याख्यानं ऐकतो."

त्यात गुरुवारचा बाजार. ऑफिस माणसांनी भरलेलं, चेअरमन खुर्चीवर, आणि दारातून अप्पांचा आवाज, बारासारखा, "अल्लाहो अब्हा, सेक्रेटरी." मी रजिस्टरात मान घालून म्हणे, "हं. बसा." तीन गुरुवार असं झालं. चौथ्या गुरुवारी मी त्यांना बाहेर घेऊन गेलो.

"अप्पा, इथं नका म्हणत जाऊ ते."

"का वो?"

"लोक असतात."

त्यांनी ऑफिसकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "व्हय की," म्हणाले. पुढच्या गुरुवारपासून ते दारातून "रामराम" म्हणू लागले, तेही हळू. मला सुटल्यासारखं वाटलं.

एवढं करून मी थांबलो असतो तरी चाललं असतं. पण स्वतःची श्रद्धा लपवणाऱ्याला दुसऱ्याची श्रद्धा तपासायचा फार उत्साह असतो. अप्पा झाडाझुडपांना जे म्हणतात ती निसर्गपूजाच आहे, असं माझ्या मनानं घेतलं. आमची शिकवण स्पष्ट होती. निर्माता वेगळा, निर्मिती वेगळी. मी शीरीनबाईंना चार पानी पत्र लिहिलं. त्यात मुद्दे घातले, पुस्तकांचे आधार दिले, आणि शेवटी लिहिलं की अप्पांना ही समज येईपर्यंत त्यांना बैठकीला बोलावू नये. पत्र टाकल्यावर मी ते अप्पांना सांगितलंही. प्रामाणिकपणा म्हणून.

अप्पा तेव्हा पहारेचं टोक बघत होते. त्यांनी पहार खाली ठेवली.

"बैटकीला येऊ देनार न्हाईत?"

"ते बाई ठरवतील."

"मंग म्या त्या सांजंला कुटं बसू?"

अप्पांची बायको, गौरव्वा, दुष्काळाच्या वर्षी खडीच्या कामावर उन्हानं पडली ती उठली नाही. मूलबाळ नव्हतं. एकोणीस दिवसांतून एकदा अप्पा धुतलेलं धोतर नेसून, डोक्याला तेल लावून माझ्या दारी येत आणि बैठक संपली तरी पाट धरून बसून राहत. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, असं म्हणता येणार नाही.

पंधरा दिवसांनी बाई आल्या, फाट्यावरून चालत, बुटांवर धूळ घेऊन. माझं पत्र त्यांच्या पिशवीत होतं. मला वाटलं, घरी बसून बोलतील. त्या म्हणाल्या, "अप्पा जिथे काम करतात तिथे जाऊ."

विहिरीवर मजूर जेवायला गेले होते. अप्पा एकटेच बार भरून, वर येऊन, सावलीत बसले होते. बैठकीचा दिवस होता, अंगावर धुतलेलं धोतर. कामावर धुतलेलं धोतर नेसून आलेले अप्पा मी पहिल्यांदाच पाहिले. बाईंना बघून ते उठले, आणि माझ्याकडे एकदा बघून नुसते हात जोडले.

बाई दगडावर बसल्या. म्हणाल्या, "अप्पा, मला एक सांगा. हा खडक ईश्वर आहे का?"

"न्हाय बाई. द्येव असता तर त्याला सुरुंग कसा लावला असता?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. चार पानांत हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता.

"मग त्यात ईश्वर आहे?"

अप्पांनी डोकं खाजवलं. शेजारी फडक्यात त्यांची भाकरी होती, स्वतः थापलेली, कडेला करपलेली. ती त्यांनी उचलली.

"ही म्या केली. म्हून अशी हाय. आमची गौरव्वा करायची. ती काय भाकरीत बसलेली नसायची. ती चुलीम्होरं. पर डोळं झाकून पयला घास घेतला तरी कळायचं, हात कुनाचा. म्या भाकरीला गौरव्वा म्हनून हाक मारली न्हाय कदी. पर भाकरी कदी टाकली बी न्हाय." त्यांनी भाकरी परत फडक्यात ठेवली. "ह्यो खडक तसा. हात कुनाचा ते कळतं. एवडंच. चुकत आसंल तर सांगा."

बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमच्या पत्रातलं सगळं बरोबर आहे. अप्पांचंही तेच म्हणणं आहे. फक्त त्यांनी ते कमी जागेत सांगितलं." आणि अप्पांना म्हणाल्या, "प्रार्थना मात्र त्याचीच करायची."

"त्याचीच करतो. हे सेक्रेटरी पश्चिम दाखिवत्यात की."

हे त्यांनी साधेपणानं म्हटलं. आपल्याविरुद्ध पत्र लिहिणाऱ्याला असं आपल्याच बाजूचा साक्षीदार कुणी करत नाही.

मला वाटलं, संपलं. पण बाईंना एक गोष्ट अजून समजली नव्हती. त्या म्हणाल्या, "अप्पा, अल्लाहो अब्हा हे माणसांनी माणसांना म्हणायचं. ते तुम्ही झाडांना का म्हणता?"

अप्पा पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागले. "मानसांना म्हनून बघितलं, बाई."

"मग?"

"मानसं कामात आसत्यात. त्यांना लोकांत ऱ्हावं लागतं, त्यांच्या बी आडचनी आसत्यात. आन् शबुद तर लई चांगला. तोंडात आला की गिळवत न्हाय." त्यांनी लिंबाकडे हात केला. "ही काय उत्तर देत न्हाईत. पर मान बी खाली घालत न्हाईत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, हे मला कळलं. आणि बाईंना काही कळू नये म्हणून ते लगेच उठले, "चला, बार वाट बगतोय," म्हणून दोर धरून खाली उतरले. मी बाईंना बाभळीआड नेलं. खालून आवाज आला, "अल्लाहो अब्हा. जरा जागा द्या." मग नेहमीची शांतता. मग "आयतु."

त्या बारानं पाणी लागलं असं लिहायला मला आवडलं असतं. पाणी लागलं ते त्यानंतर महिन्यानं, कमरेइतकं. त्यावर अजून चार पिकं निघतात.

बाई येऊन गेल्यावरच्या गुरुवारी ऑफिस नेहमीसारखं भरलेलं होतं. चेअरमन खुर्चीवर पान लावत होता. मी रजिस्टर मिटून ठेवलं होतं आणि दाराकडे बघत बसलो होतो. बहिणीचं जमत आलं होतं आणि मुलाकडचे चेअरमनच्याच नात्यातले होते.

अप्पा दारात आले, चपला काढल्या, हळूच म्हणाले, "रामराम, सेक्रेटरी."

मी उभा राहिलो. "अल्लाहो अब्हा, अप्पा," म्हटलं. आवाज माझ्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. चेअरमनचा पानाचा हात थांबला. बाकावरच्या माणसांनी माना वर केल्या.

अप्पांनी आधी मागं वळून पाहिलं, दुसरं कुणी आलंय का म्हणून. मग ते चार पावलं चालत टेबलापाशी आले, वाकले, आणि खडकावर ठेवत तसा तळहात माझ्या हातावर ठेवून कुजबुजले,

"हळू बोला, सेक्रेटरी. लोक हाईत."