पावसाळा सोडून कधीही

"उन्हाळ्यातच जा!" शेजारच्या स्टुडिओतले फोटोग्राफर चष्म्याच्या दुकानातल्या काउंटरवर थाप मारून म्हणाले. "झाडं उघडी पडलेली असतात, प्राणी झक मारत पाण्यावर येतात. आपण नुसतं बसायचं."

"बसायचं आणि भाजून निघायचं," दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या नंबर तपासायला आल्या होत्या आणि एक डोळा तळहाताने झाकूनच भांडत होत्या. "थंडीत जा. धुकं, कोवळं ऊन, हरणांचे कळपच्या कळप!"

"थंडीत हरणांपेक्षा जीपच जास्त दिसतात, बाई."

चष्मेवाल्याला दोघांचंही पटलं. तोच तर त्याचा घोळ होता. दिवसभर गिऱ्हाइकांना दोन काचा दाखवून "ही बरी की ती बरी?" असं विचारता विचारता त्याला स्वतःला जगातली प्रत्येक गोष्ट बरी वाटू लागली होती. उन्हाळा ठरवावा तर अभयारण्याजवळच्या सगळ्या खोल्या भरलेल्या असायच्या. थंडी ठरवावी तर ठरवेपर्यंत थंडी सरायची.

आणि हट्ट ना त्याचा होता, ना बायकोचा. जायचं होतं सासूबाईंना. सासूबाईंनी उभं आयुष्य सहलीची बस चालवली होती. लोकांना अभयारण्याच्या फाटकाशी सोडायचं, गाडी सावलीत लावायची आणि संध्याकाळी त्यांच्या गप्पा ऐकत त्यांना परत आणायचं. ज्या फाटकावर त्यांनी इतकी वर्षं ब्रेक दाबला, त्याच्या आत मात्र त्या एकदाही गेल्या नव्हत्या. निवृत्त झाल्यावर एकदाच म्हणाल्या होत्या, "गुडघे माझं ऐकतायत तोवर आत काय आहे ते बघून घेईन म्हणते."

पण हल्ली जिना चढताना त्या कठडा धरू लागल्या होत्या. ते बघितलं त्याच दिवशी चष्मेवाल्याने कुणालाही न विचारता फोन फिरवला. चक्क हवी ती खोली मिळाली, तीही निम्म्या भाड्यात. पलीकडचा माणूस "नक्की याच महिन्यात ना, साहेब?" असं पुन्हा पुन्हा विचारत होता. किती अदबशीर माणूस, असं चष्मेवाल्याला वाटलं.

भर पावसात गाडी फाटकाशी पोहोचली. फाटकाला मनगटाएवढी साखळी होती आणि साखळीला कुलूप. छत्रीतून चौकीदार आला.

"पावसाळ्यात बंद असतं, साहेब. दरवर्षी."

बायकोने नवऱ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेला कुठल्याच नंबरचा चष्मा लागला नसता. "तू चौकशी केली नव्हतीस?"

"खोली मिळाली ना! मला वाटलं, जंगल असणारच."

मागच्या सीटवर सासूबाई शांतपणे काच पुसत होत्या. बायको एकदम वळली. "आई, तू इथेच गाडी आणायचीस ना? तुला माहीत नव्हतं?"

"माहीत नसायला काय झालं? पावसाळ्यात आमची बस डेपोतच असायची."

"मग आम्हाला बोलला का नाहीत?" चष्मेवाला जवळजवळ ओरडला.

"बोलले असते, तर पुन्हा चर्चा सुरू झाली असती, जावईबापू."

ओशाळून त्याने घाईघाईने गाडी वळवायला घेतली आणि मागची चाकं रस्त्याकडेच्या चिखलात रुतली. जसजसा जोर लावला तसतशी गाडी आणखी खाली बसली. चौकीदार ट्रॅक्टर आणायला गेला. तिघं आत बसून राहिली. वायपर कुरकुरत होता.

तेवढ्यात समोरचं बांबूचं बेट हललं आणि त्यातून हत्तीण बाहेर आली. तिच्या पोटाखाली पिल्लू होतं. फाटक बंद, जीप नाहीत, माणसं नाहीत, त्यामुळे रस्ता आपलाच असल्यासारखी दोघं आरामात चालत गाडीपाशी आली. पिल्लाची नजर वायपरवर खिळली. वायपर उजवीकडे गेला की सोंड उजवीकडे, डावीकडे गेला की सोंड डावीकडे.

"बंद कर तो!" बायको कुजबुजली.

"नका हो," सासूबाई पुढे वाकून म्हणाल्या. "त्याला मजा येतेय."

चष्मेवाल्याचा हात जागीच थिजला होता, त्यामुळे सासूबाईंचंच ऐकलं गेलं. पिल्लाने अखेर वायपर पकडला, कट्‌ करून मोडला आणि मोठ्या ऐटीत आईला दाखवायला नेला. आईला त्याचं काही कौतुक नव्हतं. तिची कूस खाजत होती. तिने गाडीच्या मागच्या बाजूला अंग घासायला सुरुवात केली. गाडी होडीसारखी डुलू लागली. बायकोने नवऱ्याचा दंड घट्ट धरला, नवऱ्याने डोळे मिटून घेतले. सासूबाई मात्र मागच्या काचेला नाक लावून त्या सुरकुतलेल्या, चिखलाने माखलेल्या भल्या थोरल्या कुशीकडे बघत होत्या.

"किती गं सुंदर आहेस!" त्या म्हणाल्या.

मग एक जोरदार धक्का बसला आणि गाडी चिखलातून निसटून अलगद रस्त्यावर आली. खाज भागलेली हत्तीण पिल्लाला घेऊन पलीकडच्या झाडीत शिरली. ट्रॅक्टर आला तेव्हा ओढायला काही उरलं नव्हतं.

त्या मुक्कामात खोलीच्या ओसरीवरूनच त्यांनी काय काय पाहिलं! भिजलेली हरणं पायरीशी चरत होती, एक अस्वल वाळत घातलेली सतरंजी हुंगून गेलं. चष्मेवाला जंगलापेक्षा सासूबाईंकडेच जास्त बघत होता. खुर्ची टाकून, पदर सावरून, न कंटाळता त्या बसलेल्या असायच्या. एवढं मन लावून बघणारं गिऱ्हाईक त्याने जन्मात पाहिलं नव्हतं.

परतल्यावर दुकानात दोन्ही तज्ज्ञ हजर झाले. चष्मेवाला सांगायला उत्सुक होता, पण सासूबाईंनीच आधी सुस्कारा सोडला. "काही विचारू नका. फाटकाला कुलूप! हात हलवत परत आलो."

चष्मेवाल्याने आ वासला. सासूबाईंनी त्याच्याकडे असं काही पाहिलं, की त्याने तो मिटला. त्याच्या डोळ्यांसमोर ही गोष्ट पसरल्यावर पावसात फाटकाशी लागणारी जीपची रांग उभी राहिली आणि त्याला सगळं उमगलं.

"पावसाळ्यात कोण जातं हो?" फोटोग्राफर पोट धरून हसले.

"अहो, शेंबड्या पोरालाही कळतं!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पावसाळा सोडून कधीही जावं." आजवर त्या दोघांचं एकमत झालेलं कुणी पाहिलं नव्हतं.

"चुकलंच माझं," चष्मेवाला मान खाली घालून म्हणाला. "पुन्हा म्हणून पावसाळ्यात तिकडे फिरकणार नाही. शपथेवर सांगतो."

सासूबाई जवळ सरकल्या आणि त्याच्या कानाशी पुटपुटल्या, "शपथ नका घेऊ, जावईबापू. पुढच्या पावसाळ्याची खोली मी ठरवून आलेय."