राक्षसनगरीतलं मीठ

कुणी राक्षसाची गोष्ट सांगायला लागलं, की दिगंबरपंत हात वर करून विचारत, "थांबा. मीठ कुठून येतं?"

संस्थानचे दिवस होते. भोरच्या शाळेत पंत भूगोल शिकवत, मी गणित. घरं शेजारी. बाकीचे मास्तर शिकवण्या करीत. पंत अद्भुत कथांचा अभ्यास करीत. समुद्रापलीकडची नगरी, पाताळ, परीचा डोंगर, ही जगं कशी रचली जातात, कुठं टिकतात, कुठं कोसळतात, यावर त्यांचा निबंध चालू होता. त्याला नकाशे जोडलेले. "जग खोटं असू द्या हो वामनराव, त्यातलं मीठ खरं पाहिजे," हे दिवसातून तीनदा.

पासलीची गोदाबाई तांदूळ घेऊन आली, की तिला ओसरीवर बसवून गोष्ट सांगायला लावत.

"राकीस मानसं खातो मास्तर, त्याला मीट कशाला?"

"म्हणजे माणूस मुळातच खारट असतो म्हणता?"

"म्या काय चाखलाय व्हय? अन् त्याच्या चुलीपातूर म्या कदी गेले न्हाई!"

पंत वहीत लिहीत: 'माहिती देणारीने स्वयंपाकघर पाहिलेले नाही.'

निबंध पुरा झाला त्या साली पुण्यात विद्वानांची सभा होती. पंतांना मोटार लागायची. कात्रजचा घाट नुसता आठवला तरी ते लिंबू शोधत. म्हणून निबंध मी नेला.

आता सांगूनच टाकतो. मी तो दिला नाही. दारातल्या उपरणेवाल्या गृहस्थांनी विषय विचारला, मी सांगितला, ते हसले. मोठ्यांदा नव्हे, जरासेच. पण मला लाज वाटली, आणि त्यांच्याबरोबर मीही हसलो. निबंध कोटाखाली घालून परत फिरलो. तो माझ्या ट्रंकेत गेला.

पंत मोटारअड्ड्यावर उभे होते. तोंड बघून खरं बोलवेना. म्हटलं, "सभा चाळीस जणांची होती. निबंध त्यांनी ठेवून घेतलाय. तुम्ही आला नाहीत, तरी तुमच्याकरता पुढं एक खुर्ची रिकामी ठेवली होती."

"शंका? शंका काढल्या की नाही कुणी?"

"काढली की," मी गडबडून म्हणालो. "राक्षसांच्या पोरांना दात कधी येतात, असं एकानं विचारलं."

पंत दोन महिने राक्षसांच्या दातांत गुंतले. उत्तर पुण्याला टाकायला माझ्याकडे दिलं; तेही ट्रंकेत. मग दुसरी शंका आणावी लागली, मग तिसरी. परीचे कपडे वाळतात कुठं? पाताळात दिशा कशा ओळखतात? सात वर्षं मी एकटा चाळीस विद्वान होतो. ट्रंकेचं झाकण लागेना. पंतांची तब्येत मात्र सुधारली.

आणि एक दिवस पंत म्हणाले, "सोमवारी पुण्याला जातो. लिंबू हुंगत जाईन, पण त्या मंडळींचे आभार मानले पाहिजेत."

सोमवारी सकाळी ट्रंक उचलून त्यांच्या ओसरीवर नेली आणि झाकण उघडलं. काय केलं ते सगळं सांगितलं. हसलो होतो, तेही.

पंतांनी वरचे दोन कागद सारखे केले. "बसा. मी कुठं निघालोय? लिंबूसुद्धा आणलेलं नाही. ट्रंक फुटायच्या आत तुम्ही बोलावंत, म्हणून म्हटलं."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्याच दिवशी. चाळीस विद्वान, आणि कुणी खोकलं नाही, कुणी घड्याळ पाहिलं नाही. तुमच्या सभेत मीठच नव्हतं, वामनराव."

"मग सात वर्षं गप्प का बसलात?"

पंत आत गेले, दोन कप चहा घेऊन आले. "आमची ही गेल्यापासून या घरात चहा एकच कप होतो," एवढंच म्हणाले. एक कप माझ्यापुढं सरकवला.

"ती खुर्ची ठेवली होतीत ना," ते म्हणाले, "ती मोडवेना."

मी चहा घेतला. त्यांनी वही उघडली, दौतीत टाक बुडवला.

"हं. पुढची शंका?"