जनूशेठ आणि रातचं पनवेल

सकाळी साडेसातला मी डबा घेऊन ऑफिसला निघतो, तेव्हा आमच्या मजल्यावरचे जनूशेठ जेवायला बसलेले असतात. दार सताड उघडं, ताटात भात आणि सुक्या बोंबलाचं कालवण. मला बघून हात वर करतात आणि म्हणतात, "गुड नाइट, पाटणकर!" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, शेठनी सकाळीच घेतलेली दिसते. तसं काही नव्हतं. त्यांची झोपायची वेळ झाली होती, एवढंच.

जनूशेठ मूळचे इथले, पनवेलजवळच्या विचुंबे गावचेच. आमची बिल्डिंग उभी आहे ती त्यांच्या वडिलांच्या भातशेतावर. बदल्यात मिळालेल्या दोन फ्लॅटपैकी एकात ते राहतात, दुसऱ्याच्या भाड्यावर जगतात. वय पंचेचाळीस, लग्न नाही. भावकीतले लोक मोठमोठ्या गाड्या घेत होते, तेव्हा ह्यांनी कॅमेरा घेतला, आणि तोही फक्त रात्री बाहेर काढायचा. भुर्जीच्या गाड्या, एस्टी स्टँडवर पेपर अंथरून झोपलेले प्रवासी, हळदीत नाचून घामाघूम झालेली वरमाय, बार बंद झाल्यावर रिक्षाची वाट बघणाऱ्या गायिका. रातचं सगळं पनवेल त्यांच्या कपाटात आहे.

"दिवसा का नाही काढत?" मी एकदा विचारलं.

"दिवसाचा मानूस कामात असतो. फोटो काढला तं त्याच्या कामाचाच येतो."

मला हे काही पटलं नाही, पण कुतूहल वाढलं. मी जरा चौकस आहे. बायको त्याला भोचक म्हणते.

हे फोटो ते विकत नाहीत, मोबाइलवरही टाकत नाहीत. प्रिंट काढतात आणि ज्याचा त्याला नेऊन देतात. "आपुन कुनाचं तोंड घेतलं, तं परत कराला नको?" हा त्यांचा न्याय. पूर्वी घरी जाऊन, जो दार उघडेल त्याच्या हातात प्रिंट ठेवायचे. एकदा जासईच्या कंटेनर यार्डातल्या एका सुपरवायझरच्या बायकोने दार उघडलं. साहेब घरी नाइट ड्युटी सांगून जायचे. प्रिंटमध्ये ते ऑर्केस्ट्रा बारच्या स्टेजवर माइक धरून, डोळे मिटून गात होते. "फोटो लय चांगला आलता, पन बाईला पसंत नाय पडला," एवढंच जनूशेठ सांगतात. त्या घरात दोन दिवस चूल पेटली नाही म्हणे. तेव्हापासून नियम झाला, ज्याचा फोटो त्याच्याच हातात.

एक पाकीट मात्र सात महिने त्यांच्याकडे पडून होतं. त्यात बारमधल्या एका गायिकेचा फोटो होता. मेकअप पुसून टपरीवर चहा पिताना ती कशाला तरी खळखळून हसली आणि ह्यांनी नेमका तेव्हाच काढला. स्क्रीनवर बघून ती म्हणाली होती, "हा मला द्याच हं. माझा हसतानाचा एकही फोटो नाही." ह्यांनी शब्द दिला. प्रिंट घेऊन गेले, तर तिने गाणं सोडलेलं. पत्ता कुणालाच माहीत नाही.

"शब्द दिलाय म्हनून ठिवलाय," असं सांगत ते हे पाकीट दर दोन दिवसांनी उघडून बघायचे. नुसत्या शब्दासाठी कोणी इतक्यांदा बघत नाही, हे न कळण्याइतका मी खुळा नाही.

गेल्या महिन्यात तिला रोज घरी सोडणारा रिक्षावाला त्यांना भेटला. त्याने रोडपालीतली बिल्डिंग आणि मजला सांगितला. रविवारी भर दुपारी जनूशेठ माझ्या दारात हजर. इस्त्रीचा शर्ट, केसांना ताजा काळा रंग, अंगाला अत्तर, गळ्यात कॅमेरा. "सोबत चला. एकल्याला बरा नाय वाटत." मी वाढलेलं ताट झाकून निघालो. असा चान्स मी सोडतो होय!

दार तिच्या सासूबाईंनी उघडलं.

"मॅडम रातच्या कामाला होत्या ना, त्यांना जरा…" जनूशेठनी सुरुवात केली.

"हॉस्पिटलातून आलात का?" सासूबाई खुलल्या. "सोडली हो तिनं ती रात्रपाळी. फार जागली पोर पेशंटांसाठी."

आत ओट्यापाशी उभी असलेली ती वळली. ह्यांना बघून चेहरा पांढराफटक पडला. जनूशेठनी मागच्या मागे पाकीट माझ्या हातात सरकवलं.

"नाय, आमी गॅसच्या मीटरचा फोटो काढाला आलो."

"रविवारी? आणि एवढा मोठा कॅमेरा?"

"नवीन नियम हाय, आजी."

सासूबाईंनी आत नेलं. मीटर ओट्याशेजारी, ती तिथेच हातभर अंतरावर उभी. जनूशेठनी तिच्याकडे एकदाही मान वर करून पाहिलं नाही. गुडघे टेकले, लेन्स फिरवली आणि मीटरचे तीन फोटो काढले. लग्नात नवरीचे कोणी इतके मन लावून काढत नसेल.

"दादा," ती म्हणाली. "सगळं बरोबर आहे ना?"

तो 'दादा' ऐकून मी जनूशेठकडे बघितलं.

जनूशेठ उठले, गुडघे झटकले. "एकदम बरोबर हाय, ताई. काय काळजी नको."

खाली गाडीपाशी मी पाकीट पुढे केलं, तर त्यांनी हात मागे घेतला.

"तुमच्याकडंच ठिवा. महत्त्वाच्या कागदांत. ती कवा मागाला आली, तं द्या."

तिला ना माझं नाव ठाऊक, ना घर. ती कधीच येणार नव्हती, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. मी "बरं" म्हटलं आणि पाकीट दुमडणार नाही अशा बेताने शर्टाच्या आत ठेवलं.