सारसबुवांची मापं

एका जंगलात, मुलांनो, पाणी येण्याआधी वीज आली. मग तिथल्या संगीत मंडळाने विजेवरचा चेलो आणला. चेलो म्हणजे बसून, गुडघ्यांत धरून गजाने वाजवायचं थोरलं व्हायोलिन. विजेवरच्या चेलोला पोट नसतं. नुसता दांडा, जमिनीवर टेकायला काठी, आणि छातीला नि गुडघ्यांना टेकू. सगळं स्क्रूने कमीजास्त होतं.

बरीच वर्षं तो सारसबुवांनी वाजवला. बुवांची मान लांब, पाय त्याहून लांब. ते गेल्यावर चेलो त्यांच्या शिष्येकडे, मथुरा मुंगशिणीकडे आला. ती बसली की तारा तिच्या डोक्यावरून जात.

काठी थोडी आखूड करू या, असं तिने मंडळात सुचवलं. सगळ्यांनी कानाच्या पाळ्या धरल्या. बुवांनी स्वतः लावलेली मापं ती. गुरुपौर्णिमेला त्या स्क्रूंना हळदकुंकू वाहत असत.

"मापं बदलायची नाहीत," अध्यक्ष गवेकाका म्हणाले. "तू उंच हो."

मथुरा गुणी होती. तिने मनापासून प्रयत्न केला. बुडाखाली विटा घेतल्या. हरिणीने सांगितलेली आसनं केली. तरी त्या वर्षीच्या उत्सवात पाव तासातच तिचा खांदा आखडला आणि गज सुटून पहिल्या रांगेत पडला. पुढच्या वर्षी तासभर वाजवलं नाही तर चेलो माझ्या भाच्याला देणार, असं गवेकाकांनी बजावलं. भाचा रानडुक्कर होता. गव्याचा भाचा रानडुक्कर कसा, हे मंडळात कुणी विचारत नसे.

मथुरा रडत कासवमावशीकडे गेली. मावशीने सगळं ऐकून घेतलं.

"अगं, फिरवायचा नसता तर स्क्रू कशाला लावला असता? खिळाच नसता का ठोकला?"

मथुराने घरी दार लावून घेतलं. कान धरून बुवांची माफी मागितली आणि स्क्रूंना किल्ली लावली. कुंकवाने स्क्रू गच्च बसले होते, खोबरेल घालावं लागलं. काठी वीतभर आत गेली. छातीचा टेकू खाली आला, गुडघ्यांचे जवळ आले. मग तिने हेडफोन लावून वाजवलं. इतके दिवस तिला फक्त खांदा जाणवायचा. आज सूर ऐकू आला.

रंगीत तालमीत तिने तासभर वाजवलं, तेही हसत. मंडळ अस्वस्थ झालं.

"वाजतंय बरं," गवेकाका म्हणाले, "पण तुला काही होत नाहीये. यात साधना कुठे दिसते?"

मथुरा समजायचं ते समजली. उत्सवाला तिने मानेला दुखण्याचा पट्टा बांधला. खांद्याला इतका बाम चोपडला की पहिल्या रांगेचे डोळे झोंबले. दर चार सुरांनी ती हलकेच कण्हत होती. तासाभराने सगळं जंगल रडत होतं. गवेकाकांनी शाल घातली, नारळ दिला आणि जाहीर केलं, की बुवांची मापं अशी जपणारी शिष्या पुन्हा होणे नाही.

तात्पर्य: कष्टाचं फळ गोड असतं. बिनकष्टाचं त्याहून गोड असतं. फक्त चारचौघांत खाताना तोंड कडू करावं.