अहो, गोळी घेतली का?

"आमच्या बाबांची गोळी आता चुकणं शक्यच नाही!" धम्मदीपनं खराडीच्या ऑफिसात छातीठोकपणे जाहीर केलं.

आई, म्हणजे कांताबाई, जाऊन चार महिने झाले होते. ती असेपर्यंत रक्तदाबाची गोळी ही बाबुरावांची जबाबदारी नव्हतीच. स्वयंपाकघरातून हाक यायची, गोळी पोटात जायची. हाक गेली, तशी गोळीही राहू लागली. मग चिरंजीवांनी रुपयाएवढा एक एनएफसी टॅग आणून गोळ्यांच्या प्लास्टिकच्या डबीवर चिकटवला. गोळी घेतली की डबीला फोन टेकवायचा, धम्मदीपला आपोआप मेसेज जाणार! फोन नीट टेकला हे बाबांना कळावं म्हणून आवाजही लावला. त्यांच्याच फोनमधला, आईच्या जुन्या व्हॉइस मेसेजचा: "अहो, गोळी घेतली का?"

सोमवारी सकाळी मीटिंगमध्ये मेसेज आला, 'बाबांनी गोळी घेतली.' धम्मदीप खूश. दोन मिनिटांनी पुन्हा तोच. मग पुन्हा! सातव्याला त्याचं हसू मावळलं, अकराव्याला पायाखालची जमीन सरकली. बाबा तर फोन कापत होते!

त्यानं शेजारच्या शैलाकाकूंना फोन लावला. "काकू, बाबांनी अकरा गोळ्या खाल्ल्या!"

"अकरा? आणि तू मोजत बसला होतास?"

धम्मदीपनं गाडी कोथरूडकडे पिटाळली. वाटेत एकही मेसेज आला नाही, तेव्हा तर त्याच्या जिवाचं पाणी पाणी झालं. आई गेली, आता बाबाही?

घरी बाबुराव ओल्या सदऱ्यानं बसले होते. पुढ्यात बादली.

"एकच गोळी कमी आहे," काकू म्हणाल्या. "तांब्याभर मिठाचं पाणी पाजल्यावर मोजायचं सुचलं मला." आणि त्या बादली घेऊन आत गेल्या.

"बाबा! मग अकरा वेळा फोन कशाला टेकवलात?"

"तुझी आई एकदा विचारून थांबली होती का कधी?"

"आणि माझे फोन का कापलेत?"

"ती बोलत होती. तू मध्येच तडमडत होतास."

धम्मदीपनं गुपचूप स्वतःचा फोन डबीला टेकवला. काहीच नाही! आवाज फक्त बाबांच्या फोनमध्ये लावलाय, हे लावणाराच विसरला होता.

"तुझ्याशी कशी बोलेल?" बाबुराव म्हणाले. "ती 'अहो' म्हणतेय. तुला 'अरे' म्हणायची."

'अरे, जेवलास का?' रोज दुपारी एक वाजता यायचा तिचा व्हॉइस मेसेज. फोनमधली जागा भरू नये म्हणून तो प्रत्येक मेसेज ऐकला की लगेच पुसायचा. चार महिन्यांत न रडलेला धम्मदीप आता हुंदके देऊन रडू लागला.

बाबुरावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि आपला फोन डबीला टेकवला. "ऐक. यातच भागव."

"अहो, गोळी घेतली का?"

धम्मदीपचा फोन लगेच वाजला. 'बाबांनी गोळी घेतली.'

आतून काकू ओरडल्या, "बारावी का? आणते हो मिठाचं पाणी!"