मनकर्णाबाईंच्या घरची परदेशी बाई

माणूस जन्माला येतो ही त्याच्या घरातली खासगी बाब आहे. तो कुठला आहे, हे ठरवणं मात्र सरकारचं काम आहे. कामाची ही वाटणी लोकांनी नीट ध्यानात घेतली तर निम्मी रडारड थांबेल, असं रुपराव भोयरांचं ठाम मत होतं. लोक उगाच छातीवर हात मारून सांगतात की साहेब, मी इथलाच आहे. आता, तू इथला आहेस हे तुला कसं ठाऊक? कागद आहे का? नाही ना? मग ते तुझं नुसतं मत झालं, आणि मताला आवक क्रमांक देता येत नाही.

रुपराव नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये विदेशी नागरिक निवास कक्षात वरिष्ठ लिपिक होते. (हा कक्ष शोधायला जाऊ नका. पाटी पुढच्या बाजूला आहे, दार मागच्या.) सत्तावीस वर्षांच्या सेवेत त्यांनी एकही अर्ज फेटाळला नव्हता. फेटाळायला निर्णय घ्यावा लागतो, निर्णयाविरुद्ध अपील होतं, आणि अपिलात विनाकारण माणसं दुखावतात. रुपराव मायाळू होते. ते फक्त त्रुटी काढत. गेल्या वर्षी कक्षाकडे चारशे बारा अर्ज आले. त्यांतले तीनशे सत्त्याण्णव त्रुटींसाठी परत गेले, अकरा अर्जदार स्वतःच परत गेले, तिघे वारले आणि एक अर्ज मंजूर झाला. तो कसा मंजूर झाला याची चौकशी अजून चालू आहे.

शिवाय आता सगळं ऑनलाइन झालं आहे. कागदाची गरजच उरलेली नाही. अर्जदारानं घरबसल्या अर्ज भरायचा, त्याच्या तीन छापील प्रती काढायच्या आणि त्या घेऊन कक्षात यायचं; मग मिनल नावाची ऑपरेटर त्या प्रती पाहून तोच अर्ज पुन्हा ऑनलाइन भरते. पहिला अर्ज कुठे जातो हे कोणालाच ठाऊक नाही, पण तो भरल्याशिवाय दुसरा भरता येत नाही.

एप्रिलच्या सुरुवातीला, ऊन अंगावर धावून येण्याच्या दिवसांत, शामलाबाई ढोमणे नावाच्या सदुसष्ट वर्षांच्या कॅनडाच्या नागरिक या कक्षात आल्या. एसटीनं आल्या. डोक्याला पांढरा दुपट्टा, हातात कापडी पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली आणि कॅनडाचा पासपोर्ट. बसल्या बसल्या त्यांनी पदरानं कपाळ पुसलं आणि विचारलं, "भाऊ, इथी पाणी भेटते का जी?"

रुपरावांनी पासपोर्टाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. परदेशी माणूस बघून ओळखू येत नाही, म्हणूनच हा कक्ष काढावा लागला, ही गोष्ट त्यांना पुन्हा एकदा पटली.

बाई परदेशी कशा झाल्या ती हकीकत साधी होती. यजमान वामनराव गेल्यावर मुलगा ऋषिकेश त्यांना कॅनडात घेऊन गेला. तिथे त्यांनी अकरा वर्षं पोळ्या केल्या आणि नातू वाढवला. मधल्या काळात मुलानं काही कागदांवर सह्या घेतल्या. एके दिवशी एका मोठ्या दालनात सगळ्यांनी हात वर केले, म्हणून बाईंनीही केला. राजाशी एकनिष्ठ राहीन असं काहीतरी म्हणायचं होतं. बाईंना एकच राजा ठाऊक होता, रामटेकच्या गडावरचा, त्यामुळे त्यांनी ते अगदी मनापासून म्हटलं आणि बाहेर येऊन केक खाल्ला. त्या क्षणी त्यांचं भारतीयत्व संपलं. हे त्यांना कळायला दोन वर्षं लागली. नातू मोठा झाला, पोळ्या नको म्हणू लागला, आणि बाई सहा महिन्यांच्या व्हिसावर खाप्याला, आपल्या माहेरी, आपल्या थोरल्या बहिणीकडे राहायला आल्या. व्हिसा तीस एप्रिलला संपत होता.

"मले ताईजवळ राहाचं आहे," बाई म्हणाल्या. "यमुताईले आता दिसत नाही जी. मीठ कोणतं न साखर कोणती, चाखून पाहते. तिचं लग्न नाही झालं, लेकरू नाही, बाळ नाही. मी गेली तर तिले पाहाले कोण आहे?"

"मूळ भारतीय निवासी परवाना भेटते बाई तुम्हाले," रुपराव म्हणाले. "फक्त तुम्ही मूळच्या भारतीय आहा याचा पुरावा द्या."

"खाप्यात जन्म झाला माहा. शाळेचा दाखला आणला ना."

दाखला अस्सल होता. पिवळा पडलेला, चार घड्यांवर फाटलेला, हेडमास्तरांच्या वळणदार सहीचा. त्यावर नाव होतं मनकर्णा शालिकराम लांजेवार.

"हे कोण?"

"मीच."

"तुम्ही तं शामला आहा."

"सासरचं नाव ते. लग्नात बदलवलं. परातीत तांदूळ घेतले न यजमानानं अंगठीनं लिवलं."

रुपराव हसले नाहीत. ते कामाच्या वेळात हसत नसत. नाव बदलल्याची राजपत्रात सूचना? नाही. प्रतिज्ञापत्र? नाही. मग दोन्ही नावांना जोडणारा एकमेव दस्तऐवज म्हणजे ते तांदूळ. ते तांदूळ सादर करता येतील का, असं त्यांनी नियमानुसार विचारलं. बाईंनी थोडा विचार करून सांगितलं की दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी त्यांची खिचडी केली होती, आणि ती सोळा माणसांना पुरली होती. रुपरावांनी टिपणीत नोंद केली: 'मूळ पुरावा अर्जदाराच्या सासरच्या मंडळींनी नष्ट केला आहे.'

इतर कोणी असतं तर इथे थांबलं असतं. रुपराव थांबणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी खाप्याच्या घराचे कागद मागवले आणि तिथे त्यांना जे दिसलं त्यानं त्यांच्या अंगावर काटा आला. शालिकराम लांजेवारांच्या पश्चात ते घर दोघींच्या नावावर होतं: यमुना आणि मनकर्णा. म्हणजे मनकर्णा शालिकराम नावाची भारतीय नागरिक अस्तित्वात होती. तिचा जन्म नोंदलेला होता, शाळा नोंदलेली होती, घर नोंदलेलं होतं; ती देश सोडून गेल्याची कुठेही नोंद नव्हती आणि ती मेल्याचाही दाखला नव्हता. याउलट खाप्यात शामला नावाची कोणीही कधी जन्मलेली नव्हती. तरी शामलाबाईंच्या पासपोर्टात जन्मठिकाण खापाच लिहिलेलं होतं, ही आणखी एक त्रुटी.

सरळ निष्कर्ष निघत होता. बायका दोन होत्या. एक भारतीय, जी कधी कुठे गेली नाही. दुसरी परदेशी, जी पाच महिन्यांपासून पहिलीच्या घरात राहत होती. आणि घरात परदेशी पाहुणी उतरली की घरमालकानं चोवीस तासांत फॉर्म सी भरून कळवायचं असतं. मनकर्णाबाईंनी तो भरलेला नव्हता. रुपरावांनी त्यांना नोटीस काढली.

साहेबांनी फाइल वाचली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली. बाईंना पाठवून द्यावं तर वर्तमानपत्रात फोटो येतो. ठेवून घ्यावं तर पुरावा नाही. "भोयर, काही मार्ग?" साहेबांनी विचारलं. मार्ग फाइलीतच होता. परदेशी व्यक्तीला स्थानिक भारतीय नागरिकानं हमी दिली तर एक वर्षाचा परवाना देता येतो. यमुनाबाईंना दिसत नव्हतं, त्यामुळे त्यांनी पटवलेली ओळख ग्राह्य नव्हती. मनकर्णाबाई मात्र स्थानिक होत्या, भारतीय होत्या, घराच्या मालकीण होत्या आणि शामलाबाईंना चांगल्या ओळखत असाव्यात. साहेबांनी हिरव्या शाईनं लिहिलं: 'हमीदारास समक्ष हजर करावे.'

अठ्ठावीस एप्रिलला दोघी हजर झाल्या. एकाच एसटीनं आल्या. नियमानुसार अर्जदार आणि हमीदार यांना एकत्र बसता येत नाही, म्हणून शामलाबाईंची पिशवी बाकावर ठेवण्यात आली आणि मनकर्णाबाईंना खुर्ची देण्यात आली. मिनलनं दोघींचे वेगवेगळे फोटो काढले, एक डोक्यावर पदर घेऊन, एक पदर न घेता. मग रुपरावांनी जबाब घेतला.

"या परदेशी बाईले तुम्ही ओळखता का?"

"ओळखतो ना जी."

"कवापासून?"

"माह्या लग्नापासून."

"स्वभाव कसा आहे?"

बाईंनी बाकावरच्या पिशवीकडे पाहिलं. बाहेर कूलरचं पाणी टपकत होतं. "गरीब आहे बिचारी," त्या म्हणाल्या. "ज्यानं जिकडे नेलं तिकडे गेली."

"भारतात काहून राहाचं आहे तिले?"

"भाऊ, पंचेचाळीस वर्षांत मले कोणी मनकर्णा म्हणून हाक मारली नाही. एक ताई मारते. तिले डोळ्यानं दिसत नाही, पण पायाच्या आवाजावरून ओळखते न म्हणते, मनकर्णा, आली का वं? ते आयकाले राहाचं आहे."

मिनलचे हात कीबोर्डवर थांबले. पुढच्या महिन्यात तिचं लग्न होतं. रुपरावांनी फॉर्म वरपासून खालपर्यंत दोनदा पाहिला, खरंच पाहिला, पण त्यात हाकेसाठी रकाना नव्हता. त्यांनी लिहिलं: 'उद्देश: कौटुंबिक.'

परवाना एकोणतीस तारखेला मिळाला. एक दिवस आधी! कक्षाच्या इतिहासात असं घडलं नव्हतं. अटी दोनच होत्या: हमीदार जिवंत असली पाहिजे, आणि तिनं दर महिन्याला परदेशी बाईच्या वर्तणुकीचा अहवाल पाठवला पाहिजे. पहिला अहवाल मे महिन्यात आला. 'बाई चांगली आहे. स्वयंपाक बरा करते. तिकडची आठवण काढत नाही. नातवाची काढते. रात्री एकटी रडते तेव्हा मी तिच्याजवळ असते.' रुपरावांनी तो फाइलीला लावला. 'समाधानकारक' असा शेरा मारताना त्यांना उगाचच दोनदा पेन झटकावं लागलं.

प्रकरण वर गाजलं. इतक्या सोप्या रीतीनं दोन माणसं वेगळी करता येतात हे वरिष्ठांच्या लक्षातच आलं नव्हतं. रुपरावांकडून मसुदा मागवण्यात आला. त्यांनी जीव ओतून तो तयार केला, आणि तो परिपत्रक म्हणून जसाच्या तसा परत आला:

(अ) जिचे जन्मनाव आणि चालू नाव वेगळे आहे व दोहोंना जोडणारा लेखी पुरावा नाही, अशा स्त्रीस तूर्त परदेशी समजावे. (आ) ती ज्याच्या घरात राहते त्या घरमालकाने ही बाब लक्षात आल्यापासून चोवीस तासांत फॉर्म सी भरावा. (इ) सदर स्त्री घरमालकाची पत्नी असल्यास सूट नाही. (ई) तांदूळ ग्राह्य धरू नयेत.

त्या संध्याकाळी रुपराव खुशीत घरी आले. त्यांच्या पत्नी प्रेमिलाबाईंनी चहा ठेवला. बशीत चहा ओतता ओतता रुपरावांनी तिला परिपत्रक वाचून दाखवलं. (अ) झालं, (आ) झालं, आणि (इ) वाचताना त्यांचा आवाज हळू झाला.

"प्रेमिला," ते म्हणाले, "लग्नाच्या अगोदर तुझं नाव काय होतं वं?"

प्रेमिलाबाई हातातली गाळणी धरून उभ्या राहिल्या. "एकतीस वर्षं झाली. आज काहून विचारून राहिले?"

"असंच."

"कौतिका. बाबा होते तवापर्यंत कौतिका होती. प्रेमिला तुमच्या मनातलं नाव. मले कोणी विचारलं नव्हतं."

"कागद आहे का काही? शाळेचा दाखला?"

"तिसरीतून काढलं मले."

बशीतला चहा निवला. सत्तावीस वर्षं परदेशी लोकांचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षांपासून एक परदेशी बाई बेकायदेशीर राहत होती, आणि परातीत ते नाव त्यानंच, स्वतःच्या बोटानं लिहिलं होतं. रुपराव नियमाचे पक्के होते. त्यांनी कपाटातून कोरा फॉर्म सी काढला. पाहुणीचं नाव. कुठून आली: उमरेड. आगमनाची तारीख: अकरा मे, एकतीस वर्षांपूर्वी. येण्याचा उद्देश, योग्य त्यावर खूण करा: रोजगार, शिक्षण, उपचार, पर्यटन.

"रोजगार लिवा," कौतिकाबाई म्हणाल्या.

"पगाराची पावती जोडा लागते."

"मंग पर्यटन लिवा. एकतीस वर्षांपासून तुमचं घर पाहून राहिलो."

शेवटचा रकाना उरला. रुपरावांनी मान वर केली नाही. "परत जाण्याची तारीख काय टाकू?"

बाईंनी गाळणी धुतली, कोपऱ्यातल्या खिळ्याला अडकवली. मग हात पुसत म्हणाल्या, "ते कोरं ठेवा. विचार करून सांगतो."

कोरा रकाना चालत नाही. आयुष्यभरात रुपरावांनी हजारो लोकांना नेमक्या याच कारणासाठी परत पाठवलं होतं, आणि त्या वेळी त्यांना कधी भीती वाटली नव्हती. आज वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःचा फॉर्म स्वतःच्याच टेबलावर स्वीकारला, त्रुटी काढली आणि स्वतःला परत केला. संध्याकाळी ते पुन्हा घरी गेले आणि तारीख विचारली. बाई अजून विचारच करत आहेत.

परिपत्रक अर्थातच सर्वांना लागू आहे. तुमच्या घरातही एखादी शामला असेल, प्रेमिला असेल. तुमची बायको, तुमची आई. तिचं पहिलं नाव तुम्हाला ठाऊक नसेल तर आत जाऊन विचारा, आणि जोडीला परत जाण्याची तारीखही विचारून घ्या. ही बाब आता तुमच्या लक्षात आली आहे, त्यामुळे तुमचे चोवीस तास सुरू झाले आहेत.