खिडकीची वेगळी चूल

आमच्या कातरवाडीत संगणकावर आलेखाची खिडकी उघडली की गाव थांबतं आणि मिटली की पुढे चालू लागतं. ती उघडणारी मी तेवढी हलू शकते.

परदेशात शिकून मी पायथनमधला प्रोग्राम घेऊन परतले होते. त्याच्या खिडकीत गावविहिरीचं पाणी रेघ होऊन शाळेच्या भिंतीवर दिसायचं, आणि रेघ भराभर उतरत होती! पंप दिवसाआड चालवण्याचा ठराव आज झाला नाही, तर विहीर तळाला जाणार होती.

मी खिडकी उघडली. शाळेत भरलेली ग्रामसभा डोळे उघडे ठेवून थिजली. सरपंच केरबाअण्णांच्या बशीतला चहा ओठांपाशी थांबला. खिडकी मिटताच त्यांनी घोट घेतला.

"मी रेघ पाहिली. आता हात वर करा!" मी म्हणाले.

"रिकाम्या भिंतीकडं बघून? रेघ दाव, मग करतो."

"दाखवली की तुम्ही थांबता, अण्णा."

"मग?"

मला एकदम सुचलं. "गाव आणि खिडकी एकाच चुलीवर आहेत. खिडकीला वेगळी चूल हवी! मी वेगळी निघते."

अण्णा गंभीर झाले. "भांडणाशिवाय वेगळं निघाल्याचं या गावात एकही उदाहरण नाही. आधी रीतसर भांडण होऊ दे."

आई उठली. "कशावर भांडू?"

"आमटीवर," मी म्हणाले. "काल खारट होती."

"एवढी शिकून आलीस ती माझ्या आमटीला नावं ठेवायला?"

"खरंच खारट होती, आई."

"मग जा! कर स्वतःची!"

अण्णांनी भांडण मंजूर केलं.

शाळेमागच्या पडवीत मी तीन दगड मांडले, जाळ केला आणि खिडकी उघडली. भिंतीपलीकडे कुणीतरी खोकलं. मग बशी वाजली. गाव चालू होतं, आणि रेघ भिंतीच्या दोन्ही बाजूंना दिसत होती! मी आनंदाने ओरडले, पण वेगळ्या चुलीवरचं बोलणं पलीकडे पोचत नाही, आणि तिकडचे शब्द मला कळत नव्हते. काही हवं तर कुणीतरी हाताने आणून द्यावं लागतं.

रेघ उतरतच होती.

बऱ्याच वेळाने आई झाकलेली वाटी घेऊन आली.

"ठराव झाला का गं?" मी विचारलं.

"आपलं बोलणं बंद आहे," ती म्हणाली आणि वाटी चुलीपाशी ठेवून गेली.

आमटी पार अळणी होती. मी मीठ मागितलं नाही. वाटी चाटूनपुसून वर पाहिलं, तर रेघ उतरायची थांबली होती.

मी चुलीत आणखी एक लाकूड सरकवलं.